तीन पायांचा गवा

माझा साळा देवानंद गोरेगावच्या बाजारात बैलांची दलाली करतो आणि जगातलं सगळं बैलासारखंच पारखतो. माझा नाण्यांचा नाद त्याला रिकामटेकडेपणा वाटतो.

परवा माझी पुतणी हर्षा अमेरिकेहून पाच सेंटची जुनी नाणी घेऊन आली. ढालीचं सगळ्यांत जुनं, मग मुकुटवाल्या बाईचं, मग गव्याचं, असं मी समजावत होतो आणि हा गडी जांभया देत होता. शेवटी गव्याची दोन नाणी पुढे टाकून मी म्हटलं, घे यातलं एक.

त्यानं ती उन्हात धरली. वशिंड पाहिलं, खूर पाहिले आणि एक माझ्याकडे सरकवलं.

"भाऊजी, याले तीनच पाय हायेत. लंगडं जनावर मी घेत नाही. तुमीच ठेवा."

मी गुपचूप ठेवलं. एकोणीसशे सदतीस साली टाकसाळीत साचा जास्त घासला गेला आणि गव्याचा एक पाय उडाला. शौकीन लोक त्या नाण्यासाठी जन्म घालवतात.

देवानंद आता बाजारभर सांगत फिरतो, भाऊजीच्या गळ्यात लंगडा मारला म्हणून. आयुष्यात एकदाच त्यानं पाय बरोबर मोजले, आणि नेमका तेव्हाच बुडाला.