खुब्याची फिल्म

“या, कारखानदार,” कुत्र्यांच्या आश्रयगृहाच्या फाटकाची कडी न काढताच तिथल्या बाई म्हणाल्या. “माल परत आलाय तुमचा.”

फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाने काखेतली जाड फाईल दुसऱ्या काखेत घेतली. गल्लीत त्यांना हत्तीवाले म्हणत. कारण त्यांच्या घरी जन्मणारी कुत्री दीड वर्षात माणसाच्या कमरेच्या वर जात आणि वजनाने माणसाला मागे टाकत. एकतीस वर्षे त्यांनी इस्पितळात माणसांच्या हाडांच्या एक्सरे फिल्म काढल्या होत्या. निवृत्तीनंतर ते जनावरांच्या दवाखान्यात तेच काम करीत. हाडे उजेडाला धरून पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला चेहऱ्यांचा संकोच वाटत असावा. बोलताना ते समोरच्याच्या खांद्याकडे बघत.

“कुठे सापडला?”

“हमरस्त्यावर. खांबाला बांधून गेले होते. मागचे पाय ओढतोय. मानेतल्या चिपमध्ये तुमचा नंबर निघाला. लाज वाटते का थोडी तरी?”

“वाटते,” हत्तीवाले म्हणाले. “आत येऊ?”

बाई भांडणाच्या तयारीने आल्या होत्या. कबुलीची तयारी त्यांनी केलेली नव्हती. कडी निघाली.

आश्रयगृह चाळीस कुत्र्यांसाठी बांधलेले होते आणि तिथे नव्वद होती. फिनेलचा उग्र वास, ओली फरशी, जाळ्यांवर आदळणारे पंजे. एकेका पिंजऱ्यात तीन-तीन जीव. बाई पुढे चालत होत्या आणि मागे न बघता बोलत होत्या.

“ही बघा, आंधळी. हा तीन पायांचा. यांना कुणी नेत नाही, कारण लोकांना तुमचे घोडे पाहिजेत. तुमच्याकडे एक पिल्लू जन्मलं की माझ्याकडचं एक मरतं, समजलं?”

“माझ्या सहा खोल्यांपैकी चार टाकलेल्या कुत्र्यांच्याच आहेत. पिल्लू मागायला येणाऱ्याला आधी त्यांच्यात दिवसभर बसवतो. निम्मे लोक त्यांच्यातलंच एखादं घेऊन जातात.”

“आणि उरलेले निम्मे?”

बाई पुढच्या पिंजऱ्याशी थांबल्या.

“आणि मागच्या वर्षी दोन म्हाताऱ्या कुत्र्या बहिणीच्या नावावर नेल्यात माझ्याकडून. मला काय कळत नाही? पैदास करणाऱ्याला मी देत नाही, म्हणून बहीण पुढे केलीत.”

“आक्का खरंच त्यांचं बघते,” हत्तीवाले पुटपुटले. “मला तर एकीजवळ फिरकू देत नाही.”

बाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

कुत्रा शेवटच्या खोलीत गोणपाटावर पडला होता. आठ भावंडे एकसारखी दिसत म्हणून जन्मल्याबरोबर त्यांच्या गळ्यात रंगीत दोरे बांधले होते; याचा दोरा निळा. देताना मालकांना लिहून दिले होते: जमले नाही तर परत आणा, कारण विचारणार नाही. त्यांनी खांब पसंत केला होता.

“निळू,” हत्तीवाले हलकेच म्हणाले.

शेपूट एकदा जमिनीवर आपटली. दोन वर्षांचा तो प्रचंड जीव पुढच्या पायांवर उठला, मागचा भाग उचलायची खटपट करून पाहिली आणि काही चूक झाल्यासारखा हत्तीवाल्यांकडे बघत पुन्हा खाली बसला.

आश्रयगृहाच्या तरुण डॉक्टरीणबाई टेबलाशी थांबल्या होत्या. सकाळीच काढलेली फिल्म त्यांनी खिडकीला लावली. “दोन्ही खुबे गेलेत, काका. सांध्याची वाटी उथळ आहे, गोळा बाहेर येतोय. डावा जास्त.”

“त्याआधी यावर सही,” बाईंनी एक कागद पुढे सरकवला. “यापुढे कधीही पिल्लं काढणार नाही. मग कुत्रं न्या.”

हत्तीवाल्यांनी कागद वाचला आणि तसाच मागे सरकवला. “सही करणार नाही. मी थांबलो तर लोक थांबणार नाहीत. फिल्म न काढता पिल्लं विकणाऱ्यांकडे जातील. मी आई-बापांची हाडं बघितल्याशिवाय जोडी लावत नाही. दोन वर्षांतून एकदा पिल्लं. हे बघा.” त्यांनी फाईल उघडली. बोलणे लांबले तसे त्यांचे कान लाल झाले होते.

“सगळे चोर सज्जनपणाचे दाखले खिशात घेऊनच फिरतात,” बाई म्हणाल्या.

“दाखवा ना काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आईची चांगली दिसतेय. बापाची?”

निळूचा बाप गेल्या हिवाळ्यात गेला होता. त्याच्याइतका जीव हत्तीवाल्यांनी कुणाला लावला नव्हता. त्याची फिल्म त्यांनी खिडकीवर पोराच्या फिल्मशेजारी धरली. डॉक्टरीणबाई बारकाईने पाहू लागल्या. “हीसुद्धा ठीक वाटते. डावी वाटी तर छान खोल आहे. मग याचं असं कसं झालं? कधीकधी होतंही म्हणा. नशीब.”

बाई कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. त्यांना त्या काळ्या-पांढऱ्या सावल्यांतले काही कळत नव्हते.

हत्तीवाल्यांना मात्र कळले. कंबरेच्या हाडातली दोन छिद्रे सारखी दिसायला हवीत. इथे एक अंडाकृती होते आणि दुसरे पातळ, मिटत आलेल्या डोळ्यासारखे. म्हणजे फिल्म काढताना कंबर एका कुशीवर कलली होती. आणि कलली की एका बाजूची वाटी असते त्याहून खोल दिसते. इस्पितळात अशा फिल्मवरून त्यांनी शेकडो माणसांना पुन्हा टेबलावर झोपवले होते, त्यांच्या शिव्या खाऊन. पण निळूच्या बापाला एकदा भूल उतरताना फार त्रास झाला होता. म्हणून त्यांनी त्याला भूल न देता, कुशीत डोके धरून, थोपटत थोपटत फिल्म काढली. दुसऱ्यांदा त्याचे पाय ताणायचे त्यांच्या जिवावर आले. आणि ज्या हाडांवर माया असते ती सरळच दिसतात.

डॉक्टरीणबाई नशीब म्हणाल्या होत्या. नशीब म्हटले की कुणाला सही करावी लागत नाही. घरी निळूची बहीण माजावर आली होती. तिची फिल्म निर्दोष होती आणि तिच्यासाठी लांबून नर यायचा होता. वीस वर्षांचा वंश तिच्यावर येऊन ठेपला होता. गप्प राहणे एवढेच काम होते, आणि त्यात तर त्यांचा हातखंडा होता.

“ही फिल्म वाकडी आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे?” बाई.

“छिद्रं बघा, सारखी नाहीत. ही फेकून परत काढायला हवी होती. मी चांगली म्हणून फाईलला लावली. दोष बापात होता. मी बघितला नाही.”

बाईंनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग बाई एकेक शब्द तोडत म्हणाल्या, “म्हणजे माझंच खरं.”

“याच्या बाबतीत, होय.”

“मग करा सही!”

त्यांनी पेन घेतले. छापलेली ती ओळ खोडली आणि खाली सावकाश लिहिले: या रक्ताची पिल्ले पुन्हा होणार नाहीत. त्याखाली सही केली. बाईंनी वाचले. “पळवाट आहे ही. उद्या दुसरं रक्त आणाल.”

“आणलं तर फिल्म तुमच्या डॉक्टरांना दाखवीन. आधी.”

“न्या ते कुत्रं. आणि आभारबिभार मानू नका, मला चालायचं नाही.”

पोटाखाली टॉवेल घालून, मागचा भाग पेलत, त्यांनी निळूला गाडीपर्यंत नेले. जाळीमागून नव्वद कुत्री एकाच वेळी भुंकत होती. कुणी हात लावला नाही; त्यांनीही मागितला नाही.

गाडीत बसून त्यांनी आधी घरी फोन केला.

“आक्का, ते नरवाले आले का?”

“आलेत, नाश्ता चाललाय. लवकर ये.”

“त्यांना परत पाठव.”

“वेड लागलं का रे तुला? रात्रभर गाडी चालवून आलीत बिचारी!”

“माफी माग माझ्या वतीने. जोडी लावायची नाही. आता नाही, पुढेही नाही.”

 आक्काने निळूच्या बहिणीला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. “त्यांना तूच सांग,” ती म्हणाली. “मी चहा देते फक्त.”

निळूची भावंडे सहा घरांत गेली होती; हत्तीवाल्यांनी गाडीतूनच एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या घरच्या दंतवैद्याने सगळे ऐकून घेतले आणि मग तोंडाला येईल ते बोलला. मुलांना काय सांगू, फसवलंत, कोर्टात खेचतो. हत्तीवाल्यांनी मध्ये तोंड घातले नाही. त्याचे संपल्यावर जिना चढू देऊ नका, वजन वाढू देऊ नका, एवढे सांगितले. तोवर फोन बंद झाला होता.

दुसऱ्या घरी निवृत्त मास्तर होते. ते अजिबात चिडले नाहीत.

“अहो, होतं असं. तुम्ही सांगितलंत हे काय कमी आहे? उद्या घेऊन येतो तिला. फिल्म तुम्हीच काढा. हाडांच्या बाबतीत आमचा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही.”



“माझ्याकडे नको, मास्तर,” हत्तीवाले म्हणाले. “दुसरीकडे काढा.”

मागच्या सीटवर निळूला पाय लांब करायला जागा पुरत नव्हती. हत्तीवाल्यांनी आपली सीट गुडघे टेकेपर्यंत पुढे ओढली आणि तिसरा नंबर लावला.