तीनशे बारा खोल्यांमधला मग

मी एक जुना मग आहे. चिनी मातीचा, पांढरा, पोटावर निळा पट्टा असलेला. मला कान एकच होता, आता तोही नाही. तरी मला ऐकू सगळं येतं, त्यामुळे माझ्याबद्दल कुजबुजून काही उपयोग नाही. मित्रांनो, मगाचं आयुष्य ते काय असणार, असं तुम्हाला वाटेल. भरला, प्यायला, धुतला, पालथा घातला. माझंही तसंच गेलं असतं. पण माझ्या मालकिणीच्या हातून माझ्या बाबतीत एक चूक झाली, ती तिने नऊ वर्षं पोटात ठेवली, आणि त्या नऊ वर्षांत कितीतरी शहाण्यासुरत्या माणसांनी माझ्यापायी डोकी खाजवली. ती हकिगत सांगतो.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा मी चारचौघांसारखाच होतो. पण कान चिकटवणाऱ्या बाईंच्या त्या दिवशी शेजारणीशी गप्पा रंगल्या होत्या, आणि माझा कान बोटभर खाली बसला. भट्टीतून निघाल्यावर तपासनिसाने मला फिरवून पाहिलं, नाक मुरडलं आणि दुय्यम मालाच्या टोपलीत टाकलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? टोपलीत माझ्या शेजारी एक वाकडी बशी होती. ती दिवसभर रडगाणं गायची. तिचं ऐकून ऐकून मला शेवटी हसू यायला लागलं, आणि ती सवय मला कायमची लागली.

एका दुपारी एक आई टोपलीशी येऊन बसली. तिच्या मुलीला पहिली नोकरी लागली होती, आणि कामाच्या ठिकाणी आपलं भांडं आपलं असावं असं तिचं ठाम मत होतं. तिने आठ-दहा मग उचलून खाली ठेवले. माझा कान तिच्या बोटांत अगदी नीट बसला, कारण तो खाली होता. ज्या कानामुळे मी नापास झालो होतो त्याच कानामुळे माझी निवड झाली, हे मी त्या बशीला ओरडून सांगितलं. तिने ऐकलं नसावं.

तिची मुलगी चित्रकार होती. पण तिच्या टेबलावर ना रंग होते ना कुंचले. ती कॉम्प्युटरवर खेळांसाठी चित्रं काढायची. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, त्यात सहा टेबलं, पडद्यांवर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना जाड कापड लावलेलं. पहिल्याच आठवड्यात नळाखाली माझी कड टवका उडून खरखरीत झाली. तिने पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि टवक्यावर एक ठिपका लावला. आई तिथे असती तर ओरडली असती. मला मात्र तो ठिपका फार शोभतो, असं मी आजही म्हणेन.

त्या खोलीत तेव्हा एका मोठ्या खेळाचं काम चाललं होतं. त्याचं नाव ‘तेरावं स्थानक’. सूर्य हरवलेल्या एका आकाशात एक प्रचंड स्थानक तरंगतंय, ते बांधणारे कुठेतरी नाहीसे झाले आहेत, मागे फक्त यंत्रमाणसं उरली आहेत, आणि खेळणाऱ्याने खोल्याखोल्यांतून हिंडून शोध घ्यायचा. बांधणाऱ्यांची भिंतीवर चित्रं होती, पण त्यांना तोंडं नव्हती. यंत्रमाणसांना तर नव्हतीच. म्हणजे त्या सबंध विश्वात एक घोटसुद्धा पिणारं कुणी नव्हतं, हे लक्षात ठेवा.

खोल्या काढायचं काम माझ्या मालकिणीकडे होतं. कॉम्प्युटरमधल्या खोलीला लहान-मोठं काही नसतं. टेबल नुसतं पाहून ते गुडघ्याएवढं आहे की डोंगराएवढं, हे कळत नाही. म्हणून हे चित्रकार आपल्या ओळखीची एखादी वस्तू मोजून तिथे ठेवतात, तिच्या अंदाजाने बाकी सगळं बेततात, आणि काम झालं की ती काढून घेतात. तिने मला पट्टीने मोजलं, चारी बाजूंनी माझे फोटो काढले आणि पहिल्या खोलीतल्या टेबलाच्या कोपऱ्यावर मला हुबेहूब उभं केलं. ठिपक्यासकट. नंतर स्थानकाच्या इंजिनासाठी वाफ करायची होती, तर ती आधी लहान जागी जमते का, म्हणून तिने माझ्यावरच करून पाहिली. छान जमली. मी तिथे वाफाळत उभा होतो, आणि इथे तिची कॉफी गार होत होती.

मग घाई सुरू झाली. मला काढायचं राहून गेलं. त्या एका खोलीचा साचा धरून, भिंती इकडच्या तिकडे करत, तिने बाकीच्या खोल्या केल्या. पहिली धरून तीनशे बारा! खेळ बाहेर पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती घरी निवांत खेळत बसली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. एकूण एक खोलीत टेबलाच्या कोपऱ्यावर मी, वाफाळता.

ती साहेबांना सांगणारच होती. पण त्या दिवशी साहेब मोठ्या दिमाखात सगळ्यांना सांगत सुटले होते की या खेळात एकही वस्तू उगाच ठेवलेली नाही, प्रत्येकीला अर्थ आहे. खेळाच्या डब्यावरही तेच छापलं होतं. आज सांगते, उद्या सांगते, असं करता करता वर्ष गेलं, आणि मग सांगणं आणखीच अवघड झालं.

इकडे खेळाचे चाहते कामाला लागले. त्या स्थानकात कोडी पुष्कळ होती. घड्याळात सव्वीस तास का? एका खोलीतली खुर्ची भिंतीकडे तोंड करून का? पण सगळ्यांत वरचढ कोडं मी. तोंडच नसलेल्या विश्वात मग कुणाचा? एक दंतवैद्य होते, चाहत्यांच्या मंडळाचे म्होरके. त्यांनी तीनशे बारा खोल्यांचे नकाशे काढले, प्रत्येक ठिपक्यापासून बाण ओढला आणि चाळीस पानांत सिद्ध केलं की लाल ठिपका हरवलेल्या सूर्याची दिशा दाखवतो. एका भूगोलाच्या शिक्षिकेचं म्हणणं, बांधणारे परत येतील या आशेने यंत्रमाणसं रोज ते पेय गरम करून ठेवतात. तिसरा म्हणे, तो मग नाहीच, तो डोळा आहे. जेवणाच्या सुट्टीत आमच्या खोलीतले लोक हे सगळं मोठ्याने वाचायचे आणि पोट धरून हसायचे. माझी मालकीण खाली मान घालून डबा संपवायची.

मला काय, मी फुगलो होतो! इतका अभ्यास कुठल्या मगाचा झाला असेल? पण फुगणाऱ्याची जिरतेच. एकदा मी टेबलावरून पडलो आणि कान निखळला. काही दिवस माझ्यात पेन्सिली राहिल्या, मग सुकलेली पेनं, मग नुसती धूळ. पुढे सफाईवाल्या काकांनी मला बेसिनखाली नेलं आणि माझ्यात घासणी ठेवली. तिकडे लोक माझ्या ठिपक्यापासून बाण काढत होते आणि इकडे मी घासणी सांभाळत होतो. त्या काळोखात मला थोडं रडू आलं, पण घासणी आधीच ओली असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

नवव्या वर्षी खेळाची नवी आवृत्ती निघायचं ठरलं. साहेबांनी फर्मान काढलं की ज्याचं उत्तर देता येत नाही ते सगळं आता एक तर समजावायचं, नाही तर पुसायचं. यादीत पहिला नंबर माझा. त्याच आठवड्यात दंतवैद्यांचं पत्र आलं. दरवर्षीप्रमाणे आम्ही जमणार आहोत, या वर्षी खोल्या काढणाऱ्या चित्रकारांनी यावं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं, अशी विनंती होती. साहेबांनी ते पत्र तिच्या टेबलावर ठेवलं.

“मी पण येतो. तो मग तू तिथे का ठेवला होतास हे आठवत नसेल तर छानशी कथा रच,” ते म्हणाले. “लोकांना तेच हवं असतं. नाहीच जमलं तर पुसून टाकू.”

तिने कथा रचली. स्थानकाच्या शेवटच्या कप्तानाचा मग, त्याच्या लहान मुलीची आठवण, वगैरे वगैरे. कथा चांगली होती, मी मुद्दाम नावं ठेवत नाही. पण शनिवारी ती आईसमोर वाचायला लागली आणि मध्येच थांबली. मग तिने आईला सगळं खरं सांगून टाकलं. आई इतकी हसली की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. हसून झाल्यावर तिने विचारलं की तो मग आहे कुठे. बेसिनखाली आहे म्हटल्यावर मात्र तिचं हसू मावळलं, आणि मुलीला तिने तिथल्या तिथे मला आणायला पिटाळलं. त्या संध्याकाळी आईने मला कोमट पाण्यात तीनदा धुतलं. इतक्या वर्षांपूर्वी मला टोपलीतून उचलणारी बोटं मी लगेच ओळखली.

रविवारी सकाळी सभा भरली, दंतवैद्यांच्याच दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत. भिंतीवर दाढांची चित्रं, आणि त्यांच्यावर चिकटवलेले स्थानकाचे नकाशे. तीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती, साहेब दाराशी उभे होते. मी पिशवीत होतो आणि माझ्या मालकिणीने पिशवी एका हाताने धरली होती. खरं सांगावं तर साहेबांचा शब्द खोटा पडणार, नोकरीवर गदा येणार आणि या तीस जणांचा नऊ वर्षांचा आनंद आपण एका वाक्यात मोडणार. खोटं सांगावं तर सगळे खूश. रचलेल्या कथेचा कागद तिच्या दुसऱ्या हातात होता.

दंतवैद्यांनी आपली चाळीस पानांची वही तिच्यापुढे उघडली. पानं बोटांनी मऊ पडली होती. प्रत्येक बाणाशेजारी त्यांनी तारीख लिहिली होती. तिने ती वही बराच वेळ पाहिली, मग आपला कागद घडी करून खिशात घातला आणि मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

“याचं काही रहस्य नाही,” ती म्हणाली. “हा मग माझा आहे. खोली मोजायला ठेवला होता, काढायला विसरले. मला माफ करा.”

दंतवैद्यांनी मला उचललं, सवयीने दिवा जवळ ओढला, तो दांड्याचा छोटा आरसा घेतला आणि माझी कड किडक्या दाढेसारखी तपासली.

“नेलपॉलिश,” ते म्हणाले.

त्यांचा आवाज पडला होता. भूगोलाच्या बाई नकाशाकडे बघत राहिल्या. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. माझी मालकीण अजून उभीच आहे हे फक्त एकीला दिसलं. कोपऱ्यात इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या एक मावशी होत्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या हा खेळ खेळत. आजवर एकाही सभेत त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या उठल्या, आपली खुर्ची तिच्यामागे सरकवली आणि तिला खांद्याला धरून बसवलं.

“बसा ताई आधी,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांगा, त्या सगळ्या खोल्या काढताना तुम्ही तिथंच बसून होतात ना? हा मग शेजारी घेऊन?”

तिने मान डोलावली.

“मग माझं बरोबरच होतं की. आमचे मालक वारल्यावर दुकानात दिवसभर मी एकटी. खेळातही सगळं ओसाड. पण दर खोलीत तो मग दिसला की वाटायचं, कुणीतरी होतं इथं, आत्ताच उठून गेलंय. मी ते खोटं समजत होते. तुम्ही होतात तिथं.”

मग दंतवैद्य हसू लागले. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हरवलेल्या सूर्याकडे नऊ वर्षं आपण एका बाईच्या नेलपॉलिशने बाण काढत होतो, असं ते पुन्हापुन्हा म्हणत होते, आणि बघता बघता सगळी खोली हसायला लागली. भूगोलाच्या बाईंनी मला हातात घेऊन फोटो काढून घेतला. मग रांगच लागली. निघताना साहेब तिच्याजवळ आले. हे तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस, एवढंच ते म्हणाले, आणि थोडं थांबून असंही म्हणाले की मी तुला तेव्हा सांगू दिलं नसतं.

मी पुसला गेलो नाही. नव्या आवृत्तीतही तीनशे बारा खोल्यांत मी आहे. डब्यावरचं ते वाक्य मात्र गेलं. त्याऐवजी साहेबांनी सगळ्या चित्रकारांना सांगितलं की प्रत्येकाने आपली एकेक वस्तू स्थानकात कुठेतरी ठेवावी आणि ती का ठेवली हे कुणाला सांगू नये. कुणी आजोबांचा चष्मा ठेवलाय, कुणी बाळाचा एकच मोजा. नवे चाहते सध्या त्या मोज्यावर तुटून पडले आहेत. दंतवैद्यांनी नवी वही आणली असल्याचं ऐकतो. मी आता आईच्या स्वयंपाकघरात खिडकीशी असतो, आणि मला रोज पुसतात.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू कुठे का पडली आहे हे कळलं नाही, तर ती फेकण्याआधी जरा विचारा, इथे कोण बसायचं. जुन्या भांड्यात घासणी ठेवण्याआधीही विचारा, माझ्यासाठी तरी. आणि कधी एखादं माणूस तुमच्यासमोर उभं राहून ‘चूक माझी होती’ असं म्हणालं, तर बाकी काय ते नंतर बोला. आधी आपण उठा आणि त्याला खुर्ची द्या.