भोंगा वाजला नाही

पळसबोडीच्या शाळेत कॉम्प्युटर खरोखर समजणारं एकच माणूस होतं आणि ते अकरावीत शिकत होतं. हे रंजीताचं मत. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या प्रफुल सरांचं मत वेगळं असेल, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

काम होतं मोठं. पावसाळ्यापासून तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या मातीत, वाघाच्या पंजांचे ठसे दिसत होते आणि बायामाणसं धुणं धुवायलाही टोळीनं जात होती. म्हणून पाळीवर एक कॅमेरा बसवायचा, त्याच्यामागे तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याला भोंगा. वाघ दिसला की भोंगा ओरडेल, माणूस दिसलं तर गप्प राहील. चंद्रपूरहून साहेब लोक बघायला येणार होते. यंत्र नीट चाललं तर रंजीता नागपूरच्या प्रदर्शनाला जाणार, असं सरांनी सगळ्या वर्गासमोर सांगून टाकलं होतं. तिनं बॅग भरून ठेवली होती. मैत्रिणींना सांगून झालं होतं, आणि शेजारच्या बाकावरच्या मिथुनला तर रोजच सांगणं चालू होतं.

आता चित्रात काय आहे ते कॉम्प्युटरला ओळखता यावं यासाठी कोडची एक भलीमोठी लायब्ररी लागते. ती फुकट मिळते, पण तयार मिळते ती नव्या मशीनसाठी. शाळेचा बोर्ड, म्हणजे तो तळहाताएवढा कॉम्प्युटर, कोणीतरी वापरून दान दिलेला, त्यावर ती चढेचना. मग उपाय एकच. सोर्स कोड आणायचा आणि त्याच बोर्डावर लायब्ररी पायापासून बांधून काढायची.

"घर आयतं भेटत नसन तं विटा आना अन बांधा," प्रफुल सर म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

रंजीतानं बांधली. चार कामं एकदम लावली की बोर्डाची मेमरी संपून तो मान टाकायचा, एकेक लावलं की गोगलगायीला लाज वाटावी असा चालायचा. टक्के वर चढत आले, आता संपतच आलं, असं वाटलं की लाईन जायची. बोर्ड तापला की ती त्याला माठाशेजारी नेऊन ठेवायची, ताप आलेल्या पोराला ठेवावं तसं. शेवटी लायब्ररी उभी राहिली. पण चाल अशी, की एक चित्र तपासून होईस्तोवर वाघ गावात चक्कर मारून परत गेला असता.

तेव्हा रंजीताला बांधणीचा एक पर्याय सापडला. तो चालू केला की आकडेमोड ढोबळ होते, पण वेग कितीतरी वाढतो. बारीकसारीक चूक कोण बघतं? तिनं तो चालू केला, लायब्ररी नव्यानं बांधली आणि ती हरणासारखी पळायला लागली.

राहिल्या चाचण्या. लायब्ररी नीट बांधली गेली की नाही हे तपासायला तिच्यासोबतच हजारो छोट्या चाचण्या येतात. पास झाली की हिरवी ओळ, नापास झाली की लाल. रंजीताच्या पडद्यावर हिरव्या ओळी धो धो वाहत राहिल्या आणि मधेच एक लाल आली. माणूस ओळखण्याची चाचणी होती ती. वेगाचा पर्याय नव्हता तेव्हा हीच ओळ हिरवी होती, हे तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे पर्याय काढा, पुन्हा पहिल्यापासून बांधा, पुन्हा ती गोगलगाय.

दारात सर आले. त्यांच्यामागे मिथुन दात काढत उभा.

"काय रंजीताबाई, वाघ घुसला का मशीनमंधी?" मिथुन म्हणाला.

रंजीतानं त्या एका चाचणीचं नाव वगळायच्या यादीत टाकलं आणि सगळ्या पुन्हा चालवल्या. पडदा हिरवागार.

"एकही लाल नाही?" सरांनी विचारलं.

"एकबी नाई, सर."

पाळीवरच्या पहिल्या परीक्षेला गाव लोटलं. वाघ कुठून आणायचा? तर मिथुननं घरचं वाघाच्या चित्राचं ब्लँकेट आणून एका कालवडीच्या पाठीवर बांधलं. कालवड कॅमेऱ्यासमोर आली आणि भोंगा असा वाजला की पाणकोंबड्या उडाल्या. टाळ्या पडल्या. मग बाया घागरी घेऊन गेल्या, पोट्टे पळत गेले, सरपंच मिशा पिळत गेले. भोंगा गप्प. रंजीताची मान बगळ्यासारखी उंच झाली.

तेवढ्यात लटारू आला.

लटारू ढिवर जन्मभर चिखलात हातानं मासोळ्या चाचपत आला होता. आता त्याची कंबर सरळच होत नसे. पाठीवर ओलं जाळं, हात गुडघ्याखाली लोंबलेले, असा तो चालायचा. तो कॅमेऱ्यासमोर आला आणि भोंगा बोंबलला.

गाव हसून लोळलं.

"भाऊ, शेपूट कुठी ठेवली?" मिथुन म्हणाला. "अजून एकदा जा बरं."

लटारू गेला. भोंगा वाजला. पुन्हा धाडलं, पुन्हा वाजला. मिथुननं कालवडीचं ब्लँकेट सोडून त्याच्या पाठीवर टाकलं. "पाहा, कपडे बदलले तरी मशीन फसत नाई."

लटारूही हसत होता. हसताना तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, थांबायचं कधी ते कोणी सांगेल म्हणून. सगळ्यांत मोठ्यांदा हसत होती रंजीता. भोंगा का वाजतो ते तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि लोक लटारूला हसत होते तोवर कोणी मशीनकडे बघणार नव्हतं.

तेव्हापासून रोज झुंजूमुंजूला लटारू तलावाला निघाला की भोंगा वाजायचा आणि लोक पांघरुणातून म्हणायचे, आला आपला वाघ. बाजारात मासोळ्या विकणाऱ्या त्याच्या बायकोला, गिरजाला, लोक विचारू लागले, "वाघिनबाई, काय भाव देता?"

एकदा लटारूनं रंजीताला रस्त्यात थांबवलं. "बाई, तुह्या मशीनले सांग ना, मी मानूस हाओ म्हनून."

"सांगते भाऊ," ती म्हणाली आणि सायकलवर बसली.

साहेब येण्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र ती लटारूच्या घरी गेली. लायब्ररी दुरुस्त करायची तर सगळी नव्यानं बांधावी लागली असती. लटारूला दुरुस्त करणं सोपं होतं.

"भाऊ, उद्याचा दिवस पाळीवरून नका जाऊ. साहेबांपुढं भोंगा वाजला तं माह्यं नागपूर गेलं."

"अन मासोळ्या? सरपंचानं साहेबांच्या जेवनाले सांगून ठेवल्या हायेत."

"मंग पल्याडच्या सांडव्याकडून उतरा ना."

"तिकडं बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं हाये, बाई. हातावरचं दिसत नाई. अन तिथी तुह्या मशीनचा डोळाबी नाई."

रंजीतानं गिरजाकडे पाहिलं. गिरजा चुलीपुढून बोलली. "जा ना हो एक दिवस. पोट्टी एवढी शिकून राह्यली, आपल्याच गावची हाये. तिच्या कामात आडवे काऊन येता?"

लटारूनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी धुकं विरलं आणि जीप आली. कालवड फिरली, भोंगा वाजला. माणसं फिरली, भोंगा गप्प. साहेबांनी स्वतः फिरून पाहिलं, डोक्यावर टोपी घालून पाहिलं, छत्री उघडून पाहिलं. गप्प.

"चुकून वाजतो का कधी?"

"नाई सर," रंजीता म्हणाली, "चाचण्या सगळ्या हिरव्या आहेत."

साहेबांनी तिच्याशी हात मिळवला. प्रफुल सरांनी फोटो काढले. जेवणाच्या पंगती शाळेच्या अंगणात बसल्या, पण मासोळ्या आल्याच नव्हत्या, म्हणून सरपंचानं चिडून वांग्याची भाजी वाढायला लावली आणि मिथुनला सांडव्याकडे पिटाळलं, "पाह्य, तो बुढा कुठी झोपला."

रंजीता यंत्र बघायला पाळीवर परतली, तर गिरजा तिथं पदर सावरत उभी.

"बाई, आज भोंगा वाजला का सकाळपासून?"

"कालवडीले वाजला, काकू. बाकी नाई."

"मंग बरं." गिरजाचा चेहरा सैल झाला. "सांडव्याकडून वानरं लई ओरडून राह्यले होते, माह्या जिवात जीव नव्हता. पन तुही मशीन खोटं बोलत नाई. वाघ असता तं पाळीवरूनच गेला असता, मंग वाजली असती."

रंजीतानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड सांडव्याकडे नव्हतंच.

पाळीच्या टोकाला मिथुन दिसला. लटारूचं ओलं जाळं त्यानं पाठीवर घेतलं होतं, आणि जाळ्यात गुंडाळलेलं आणखी काही. त्या ओझ्यानं तो कमरेतून पार वाकला होता. तो रडत होता. तसाच वाकून, पाय ओढत तो कॅमेऱ्यासमोर आला.

भोंगा वाजला.

गिरजाची त्याच्याकडे पाठ होती. ती रंजीताकडे बघून हसली.

"घे, आला तुहा वाघ," ती म्हणाली आणि मागं वळली.