बेचाळिसावा चौकोन

मोरेश्वरच्या दगडांवर काय किंमत लिहावी, हे मला सुचेना. मूव्हिंग सेल होता आमचा, अमेरिका सोडण्याआधी घरातलं सगळं विकून टाकायचं. बाकी सगळ्यावर, अगदी माझ्या पोळपाटावरसुद्धा चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या.

मार्चमध्ये कंपनीने माझ्या नवऱ्याला, म्हणजे मोरेश्वरला, नारळ दिला. व्हिसा नोकरीला बांधलेला. लवकर दुसरी मिळाली नाही तर फ्रीमाँटमधून गाशा गुंडाळायचा. मला तर काम करायची परवानगीच नव्हती. अशा वेळी माणसाने फोनपाशी बसावं. ह्याने गराज सेलमधून दोन डॉलरचा नकाशा आणला. वाळवंटात कुणा म्हाताऱ्याला सोन्याची खाण सापडली आणि पुन्हा जाताना वाटच सापडली नाही, अशी ती गोष्ट. खाणीचा नकाशा दोन डॉलरला कोण विकेल, हा प्रश्न दोन इंजिनिअरांपैकी एकालाही पडला नाही. दुसरा त्याचा मित्र त्र्यंबक, तोही बेकार. दोघांनी वाळवंटाचे एक्सेलमध्ये बेचाळीस चौकोन पाडले आणि मेटल डिटेक्टर भाड्याने घेतला.

"रविवारी परत येतो गं, प्रॉमिस!"

सोमवारी एका कंपनीतल्या बाईचा फोन आला. इंटरव्ह्यू मंगळवारी दुपारी, त्यानंतर जागा भरणार. मी त्याच्या मोबाइलवर चाळीसदा फोन केला. वाळवंटात कुठली रेंज! मंगळवारी मी त्या बाईकडे आणखी एक दिवस मागितला, रडलेसुद्धा. ती सॉरी म्हणाली.

बुधवारी हा आला. ओठ फुटलेले, हातात पोतंभर दगड. ओट्याला टेकून ढसाढसा रडला. फोनचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

सेलला शेजारचे मनोहरकाका राइस कुकर न्यायला आले. मोरेश्वर रंगात आला. "एक्केचाळीस चौकोन झाले काका, आणि पाणी संपत आलं यार! एक दिवस आणखी मिळाला असता ना, तर आज हे काही विकावं लागलं नसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांसमोरच मी सगळं सांगून टाकलं. फोन, ती बाई, मंगळवार.

काकांनी मान खाली घातली. मोरेश्वर बोटांवर वार मोजायला लागला.

"मंगळवारीच गेला ना जॉब?" तो म्हणाला. "मग बुधवारी घाईने कशाला आलो मी? बेचाळिसावा तरी झाला असता!"

सहा आठवडे ज्याला दुखू नये म्हणून मी गिळत होते, त्याला दुखलंच नाही.