बिनचुन्याची तंबाखू

तंबाखूला शिवावं की नाही यावर आमच्या भोरात व्याख्यानं होतात आणि व्याख्यान संपलं की वक्ते आधी पानाचं दुकान गाठतात. तेव्हा त्या वादात मी पडत नाही. पण रघुवीर ओव्हरसियरचा विषय निघाला की लोक गालात हसतात, ते मला खपत नाही. काय झालं ते ऐका आणि मग हसा.

रघुवीर भाटघरच्या धरणावर नोकरीला होता. तिथल्या एका गोऱ्या इंजिनिअरने त्याला पाईप ओढायला शिकवलं. साहेब विलायतेला गेला, पाईप राहिला. तंबाखू तरी कसली, तर व्हर्जिनियाची, अगदी साधी. तिला ना गुलाबाचा वास, ना काकवीची गोडी. पानं एकावर एक दाबून त्यांच्या पातळ पट्ट्या कापायच्या आणि डब्यात रचायच्या, बस्स. डबा उघडला की उन्हात तापलेल्या भाताच्या पेंढ्यासारखा वास यायचा. त्याची बायको सौदामिनी म्हणायची, "गवताचाच वास घ्यायचा तर गोठा काय वाईट होता? डबा पुण्याहून कशाला आणायचा?" पण रिकामे डबे ती टाकत नसे. एकात जिरं, एकात मोहरी, एकात हळद, अशी तिची फळी भरलेली होती.

बेचाळीसच्या पावसाळ्यात नसरापूरच्या बाजूला तारा तुटल्या. तोडणाऱ्यांत रघुवीर होता. सरकारी पगार खाणारा माणूस तारा तोडतो म्हटल्यावर वरचे लोक फारच चिडले. पकड वॉरंट निघालं आणि रघुवीर डोंगर चढून वेल्ह्याच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत शिरला. तिथे सोनबाचं घर होतं. सोनबा पूर्वी धरणावर त्याच्या हाताखाली कामाला होता. त्याने विचारलं काहीच नाही. बायकोला एवढंच म्हणाला, "बाळाबाय, ताटात एक भाकर वाढव."

रघुवीरने चष्मा काढला, मिशा वाढवल्या, धोतर गुडघ्यावर नेलं, डोक्याला मुंडासं बांधलं. वाडीत तो बाळाबाईच्या माहेरकडचा कोंडिबा झाला. तोंड उघडलं तर भोरची पेठ बाहेर पडेल, म्हणून कोंडिबा घुमा आहे असं सगळ्यांना सांगून ठेवलं. आणि खरं सांगायचं तर वाडीला सगळं कळलं होतं. वाडी गप्प होती.

त्याने सगळं सोडलं. चहा सोडला, वर्तमानपत्र सोडलं. तो डबा आणि पाईप मात्र त्याच्याजवळ होता.

डोंगर उतरताना पाय घसरून त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. वाडीतल्या भिमाने कामट्या लावून ते बांधलं. आता एका हाताने पट्टी मळणार कशी? पहिल्या दिवशी सोनबाने पट्टी हातात घेतली, अंगठ्याने रगडली, चुन्याची डबी काढून नखभर चुना लावला, वर फटाफट थापा मारल्या आणि म्हणाला, "घ्या आण्णा, बार भरा."

रघुवीर जवळजवळ ओरडलाच. "अहो, वाटोळं केलंत! हिला चुना लावायचा नसतो!"

"चुना न्हाई? मग लागती कशी?"

"थापाही मारायच्या नाहीत. पट्टी मधून दुमडा. तळहातावर ठेवा आणि दुसऱ्या तळव्याने हलकेच फिरवा. सुटी झाली की थांबा. भुकटी करायची नाही."

सोनबा शिकला. मनगट बरं होईपर्यंत रोज त्यानेच मळली आणि मनगट बरं झाल्यावरही तोच मळत राहिला, कारण त्याला ते आवडायला लागलं होतं. दुपारी दोघं वरच्या झऱ्यापाशी जात. वारा दरीकडे वाहत असला तरच. रघुवीर एकदा काडी लावायचा, राख हलकेच दाबायचा, पुन्हा लावायचा. मग डोळे मिटून अगदी हळू एक झुरका, मग बराच वेळ काही नाही. घाईने ओढली तर ती जीभ भाजते. सावकाश ओढली तर अर्ध्यावर आपोआप गोड होते. न घातलेली गोडी कुठून येते, हे त्या साहेबालाही कधी सांगता आलं नव्हतं. तेवढा वेळ रघुवीरला वॉरंट आठवायचं नाही. सोनबाही दोन झुरके घ्यायचा आणि खोकायचा.

बाळाबाई मात्र नाक मुरडायची. "गंजी जळल्यागत वास मारतोय. त्यापरीस माजी मिश्री बरी," असं ती दोघांच्या तोंडावर म्हणायची.

दिवाळीनंतर वरव्याचा गेनू निरोप घेऊन आला. निरोप्याचं काम तोच करायचा. घामाघूम झाला होता. म्हणाला, "आण्णा, नवा फौजदार आलाय, मानसिंग. लई बेरकी. तुमच्या घराची झडती घेतली. घावलं काय न्हाई. पर वैनींच्या फळीवरचे समदे डबे हुंगत बसला. म्हनला, मानूस कापडं बदलील, नाव बदलील, तंबाखू न्हाई बदलनार. तुमी ती टाका आता."

रघुवीरने ऐकलं आणि तोंड फिरवलं. चाळिशीतला माणूस, डोळ्यांत पाणी! मला याचं हसू येत नाही. ज्याचं सगळंच गेलंय, त्याच्या उरलेल्या एका सुखावर दुसऱ्याने हात टाकला की असंच होणार. त्याने त्याच दिवशी डबा दरीत फेकला. पाईप फेकायला हात वर उचलला, पण फेकवेना. मग तो चिंधीत गुंडाळून गोठ्यात गव्हाणीखाली स्वतःच्या हाताने पुरला. सोनबा म्हणाला, "गेली पीडा." पण दुपार झाली की दोघंही झऱ्याकडे बघायचे.

मार्गशीर्षात भात झोडायला आलं. सोनबाच्या खळ्यावर पाचसहा गडी जमले होते. त्यात कोंडिबाही होता. बाळाबाई पेंढा उचलून रचत होती. तेवढ्यात कुत्री भुंकली आणि वाटेने मानसिंग फौजदार दोन शिपाई घेऊन वर आला.

कुणी पळालं नाही. पळणारा तोच चोर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रघुवीर हातातली पेंढी दगडावर आपटत राहिला.

मानसिंग मात्र मोठ्या खुशीत होता. दमलेल्या पाहुण्यासारखा तो पेंढ्यावर बसला, पाणी मागून प्याला, पीक कसं आहे विचारलं. मग खिशातून एक डबा काढला. तोच डबा. सौदामिनीच्या फळीवर मोहरी असायची तसलाच, पण हा नवा, भरलेला. झाकण उघडलं तसा तो वास खळ्यावर पसरला. खळ्यावर आधीच पेंढ्याचा वास होता, तरी रघुवीरला हा वेगळा कळला. महिन्याभरात पहिल्यांदा. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

"बसा रे सगळे," मानसिंग म्हणाला. "पुण्याची तंबाखू आणलीय. एकेक पट्टी घ्या. मला मळता येत नाही नीट. तुम्ही मळा, तुम्हीही खा, मलाही द्या."

रघुवीरच्या ध्यानात सगळं आलं. फौजदार तोंडाकडे बघतच नव्हता, तो हातांकडे बघत होता.

भिमाने पट्टी घेतली, चुना लावला, रगडली, थाप मारली, गालात टाकली. तोंड वाकडं केलं. "फौजदारसाहेब, ही मिळमिळीत हाय." सगळे हसले. मानसिंगही हसला आणि त्याने पुढची पट्टी कोंडिबापुढे धरली.

ती पट्टी तळहातावर आली तेव्हा रघुवीरला ती दुमडावीशी वाटली. बोटं आपणहून वळायला लागली होती. त्याने ती आवरली. भिमाकडून चुन्याची डबी खुणेने मागून घेतली, चांगला बोटभर चुना लावला, अंगठ्याने पट्टीचा चुराडा केला, थापा मारून अर्धी उडवली आणि उरलेली दाढेखाली धरली. जीभ चरचरली. असली तंबाखू अशी नासताना त्याला पाप केल्यासारखं वाटत होतं. तो गड्यासारखा बाजूला पचकन थुंकला.

मानसिंगची नजर त्याच्यावरून पुढे सरकली. सुटलो, असं रघुवीरला वाटलं. पुढे सोनबा बसला होता.

सोनबा घाबरला नव्हता. कोंडिबा सुटला हे त्याने पाहिलं होतं आणि त्याच्या जिवात जीव आला होता. त्या आनंदातच त्याने पट्टी घेतली. ती मधून दुमडली. तळहातावर ठेवली. दुसरा तळवा वर ठेवून हलकेच फिरवला.

चुना घ्या, सोनबा. डबी तुमच्या गुडघ्यापाशीच आहे. थाप मारा. रघुवीर मनातल्या मनात ओरडत होता. त्याने खोकून बघितलं. सोनबाने वर पाहिलं नाही. तो मन लावून मळत होता, झऱ्यापाशी मळायचा तसाच. पट्टी छान सुटी झाली, दोरे दोरे मोकळे झाले. तो थांबला आणि त्याने तळहात पुढे केला.

मानसिंगने त्यातली चिमूटभर उचलून बघितली. मग गोड आवाजात म्हणाला, "चुना नाही लावलास?"

"हिला चुना लावत न्हाईत," सोनबा म्हणाला. ऐटीत म्हणाला. आणि म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"कोण म्हणालं?"

बाळाबाईच्या हातातला पेंढा खाली पडला.

"कोण म्हणालं, म्हातारबा?"

"कुनी न्हाई. मला आपलं वाटलं."

"बांधा याला," मानसिंग शिपायांना म्हणाला. "भोरला नेऊ. तिथे आठवेल."

शिपायांनी बैलाच्या दाव्याने सोनबाचे हात मागे बांधले. साठीकडे झुकलेला माणूस, दावं आवळताना कळवळला. त्याने एकदाच रघुवीरकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको. उठू नका. बाळाबाई पुढे धावली, तिला शिपायाने अडवलं. ती एकदा नवऱ्याकडे बघे, एकदा कोंडिबाकडे. ती त्याचं नाव घेऊ शकत होती. तिने घेतलं नाही. उलट फौजदारालाच म्हणाली, "न्या की! मानसानं तंबाकू मळली म्हून तुरुंगात घालता व्हय? न्या!"

शिपाई त्याला घेऊन वाटेला लागले. सोनबा ठेचकाळला.

रघुवीरने दाढेतली तंबाखू थुंकली, मुंडासं काढलं आणि उठून उभा राहिला. "मी म्हणालो," तो म्हणाला. "हिला चुना लावत नाहीत, हे यांना मी सांगितलं. रघुवीर ओव्हरसियर. सोडा त्यांना."

"आवो आण्णा!" सोनबा हंबरडा फोडल्यासारखा ओरडला. "चुकी माजी! म्या नासवलं समदं!"

"तुम्ही काही नासवलं नाहीत. नासवली ती मी, आत्ता, चुना लावून." मग फौजदाराकडे वळून तो म्हणाला, "मी कोंडिबा आहे असं यांना सांगितलं. यांना बाकी काही ठाऊक नव्हतं. हे तुम्ही असंच लिहून घ्या. मी मुकाट्याने येतो."

मानसिंगला खरं काय ते समजत होतं. पण ज्याच्यासाठी तो इतके डोंगर चढला तो हाती आला होता, आणि कुणी सांगावं, वाडीच्या पाचसहा गड्यांच्या कमरेला कोयते आहेत हेही त्याने पाहिलं असेल. त्याने सोनबाला सोडायला सांगितलं. "आणखी काही?" त्याने विचारलं.

"गोठ्यात माझा पाईप पुरलाय. मीच पुरलाय. तेवढा काढतो. आणि तुमच्या डब्यातली एक पट्टी द्या. ओढून होईपर्यंत थांबा."

शिपाई हसले. मानसिंग हसला नाही. त्याने डबा पुढे केला.

रघुवीर पाईप उकरून घेऊन आला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि खळ्याच्या कडेला, भर उन्हात, सगळ्यांसमोर बसला. वारा वाडीकडे वाहत होता. आज त्याला त्याची पर्वा नव्हती. त्याने पट्टी सोनबापुढे धरली.

"मळा."

सोनबाच्या मनगटांवर दाव्याचे वळ उठले होते. त्याने पट्टी दुमडली.

"भुकटी करू नका."

"म्हाईत हाय मला," सोनबा म्हणाला आणि तळहातातली तंबाखू भिजू नये म्हणून तोंड बाजूला करून रडला.

पाईप भरून झाला. काडी कुणाजवळच नव्हती. तेव्हा बाळाबाई आत गेली आणि चुलीतला लालबुंद निखारा चिमट्यात धरून घेऊन आली. इतके दिवस त्या वासाला नावं ठेवणारी ती, रघुवीरसमोर वाकली, निखारा पाईपाशी नेला आणि तो नीट पेटेपर्यंत चिमटा तसाच धरून राहिली. जळल्या गंजीचा तो वास अख्ख्या वाडीवर पसरला. पदराने डोळे पुसत ती उभी राहिली, आणि बोलली रघुवीरशी, पण बघत होती फौजदाराकडे.

"सावकाश ओढा, आण्णा," ती म्हणाली. "हितं कुनाला घाई न्हाई."