जोडीचा सत्कार

पूनमने दातांत धरलेली पिन काढली, समताच्या खांद्यावरच्या पदराच्या घड्या एकत्र दाबल्या आणि पिन आरपार टोचली.

"हलू नको. लागंन."

"लागलीच."

"साडी नेसाची तं एवढं सहन कराच लागते." पूनम खाली बसून निऱ्यांची टोकं ओढू लागली. "गोकुळ असता तं पाच मिनिटांत चापूनचोपून देली असती."

निऱ्या सरळ झाल्या तरी पूनम खालीच बसून राहिली.

समता तायडे वर्षातून फार तर दोनदा साडी नेसायची. एरवी सुती कुर्ता आणि खांद्याला झोळी, असा तिचा बारमाही वेश. ती शेगावात कॉलेजवर समाजशास्त्र शिकवायची आणि पूनम तिथल्याच एका खासगी दवाखान्यात सिस्टर होती. नऊ वर्षं दोघी एका घरात राहत होत्या. घरमालकाच्या लेखी त्या वेळेवर भाडं देणाऱ्या दोन बाया होत्या, शेजाऱ्यांच्या लेखी मैत्रिणी, आणि समताच्या भावाच्या लेखी लग्नाचं वय हुकलेल्या दोन हट्टी पोरी. खरं काय ते ठाऊक असलेला माणूस सबंध जिल्ह्यात एकच होता. आज त्याच्याच गावात, त्याच्याच पायी समताचा सत्कार होता.

गोकुळ तिचा विद्यार्थी. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी तो वही दाखवायला म्हणून घरी आला आणि उघड्या दारातच थबकला. पूनम रात्रपाळी करून आलेली, तिचे पाय समताच्या मांडीवर, आणि समता चष्मा नाकावर ओढून तिच्या पायाची नखं कापत बसलेली. पोरगा आल्या पावली परत गेला. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मागे थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मी काईच पाह्यलं नाई. पन पाह्यलं ते लय बरं वाटलं." मग तो दर रविवारी जेवायला येऊ लागला. आपलं काय आहे ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि त्या घरात ते सांगायची गरजही नव्हती.

पुढे तो मुंबईला गेला आणि टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात बबलीबाई झाला. निवड झाल्याचा पहिला फोन पूनमला आला. त्या रात्री पूनमने शिरा केला होता.

पण बबलीबाई बघवत नव्हती. ब्लाऊजमध्ये दोन चेंडू कोंबलेले. प्रत्येक प्रहसनात कोणीतरी तिचा पदर ओढायचं, कोणीतरी तिला ढकलायचं, ती ढुंगणावर आपटायची आणि परीक्षक हसून हसून टेबल बडवायचे. समता दात-ओठ खात बघायची. हसता हसता पूनमचं लक्ष तिच्याकडे गेलं की तीही हसायची थांबायची. मग जून महिन्यात वाहिनीने पडद्याच्या कोपऱ्यात सात रंगांचा पट्टा लावला आणि जाहीर केलं की एलजीबीटी समाजाला मराठीत मानाचं स्थान देणारा कार्यक्रम तो हाच. समताचं डोकं फिरलं. सकाळी पूनमला जाग आली तेव्हा लेख लिहून झाला होता.

लेख चांगला होता, हे कबूल केलंच पाहिजे. बाईचं अंग म्हणजे आदळायची वस्तू, एवढंच ही बबलीबाई आपल्याला शिकवते, असं समताने लिहिलं होतं. पुरुषाने साडी नेसली की टाळ्या पडतात. जन्मभर साडी नेसून रोजंदारीला जाणाऱ्या बाईला त्यातली एकही मिळत नाही. एका पुरुषाला साडीत उभं करायचं आणि हाच तुमचा सबंध समाज म्हणायचं, ही वाहिनीची सोय झाली. ज्या बाया बायांवर प्रेम करतात त्या कुठे आहेत? त्यांना हसण्यापुरतंसुद्धा कोणी पडद्यावर आणत नाही. आणि शेवटी लिहिलं होतं, हे हसणं थांबलं पाहिजे.

गोकुळचं नाव लेखात कुठेच नव्हतं. आपण माणसावर नाही, प्रतिमेवर लिहिलं आहे, असं समताला मनापासून वाटत होतं. ज्या तालुक्यात शेंबडी पोरंसुद्धा गोकुळच्या घरावरून जाताना बबलीबाई म्हणून ओरडायची, तिथे हा फरक कोण करणार होतं? पण शिकल्या-सवरल्या माणसाला असल्या गोष्टी छापून आल्यावर कळतात.

गोकुळच्या गावातल्या काही जणांनी वर्तमानपत्रातल्या लेखाचं कात्रण काढलं. बायांवर प्रेम करणाऱ्या बायांचा परिच्छेद वगळून त्याच्या झेरॉक्स मारल्या आणि दोनशे सह्यांसकट वाहिनीला पाठवल्या. पंधरा दिवसांत बबलीबाई बंद झाली. वाहिनीला तशीही नवी कोणीतरी हवीच होती. गोकुळ गावी परतला. समताला त्याने फोन केला नाही, पूनमला केला.

"खरं लिहिलं मॅडमनं," तो म्हणाला होता. "पन ताई, मले साडी नेसाले जागा तं तेवढीच होती ना."

पूनमने हे वाक्य समताला जसंच्या तसं सांगितलं. आणि आता गावाची अब्रू घालवली म्हणून गाव त्याच्याकडून माफी वदवून घेणार होतं, आणि 'समाजाचे डोळे उघडणाऱ्या' प्राध्यापिकेचा सत्कार करणार होतं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. प्राचार्यांनी तर सूचनाफलकावर अभिनंदन लावूनही टाकलं होतं.

स्कूटी नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा पूनम मागून म्हणाली, "माईक हातात आला का पह्यले सांगजो, का मी ह्या पोराच्या विरोधात लिव्हलं नाई. तो माहा विद्यार्थी हाय म्हणजो. बाकी काईच नको सांगू."

"सांगतो ना," समता म्हणाली.

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना बाप्पा."

पूनमने हात तिच्या खांद्यावर ठेवला. वस्ती आली तसा काढून घेतला.

माजी सरपंच पंजाबराव सत्कार ठेवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या घरी चहा झाला. त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, दोघींना आतल्या खोलीत बसवलं, पोहे दिले आणि पूनमचं नाव-गाव विचारून घेतलं. पुरुष बाहेर गेल्यावर त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "मह्या पोरीले लग्नात त्यानंच नेसवली साडी. गावातल्या कोन्या नवरीले नेसवली नाई त्यानं? आता सारे गप आहेत. म्याही गप आहो."

समताने पोह्यांची बशी खाली ठेवली.

मांडव ग्रामपंचायतीसमोर होता. फलकावर समताचा फोटो आणि त्याखाली तिचंच वाक्य, 'हे हसणं थांबलं पाहिजे!' उद्गारचिन्ह मंडळाने पदरचं घातलं होतं. बाया डावीकडे सतरंजीवर बसल्या होत्या. पूनम तिसऱ्या ओळीत, कौशल्याबाईंच्या शेजारी बसली. स्टेजच्या कडेला एका खुर्चीवर गोकुळ होता. पँट-शर्टमध्ये. मानेवर रुळणारे त्याचे केस सकाळीच गावाने कापवले होते, तेही बारीक, शाळकरी पोराचे कापतात तसे. भुवया मात्र अजून कोरलेल्या होत्या. तेवढ्याने तो उघडा पडल्यासारखा दिसत होता. समताला त्याच्याकडे पाहवेना.

त्याने कागदावरून माफी वाचली. आवाज कापत होता, पण एकही शब्द अडला नाही. तो खाली बसणार तोच पंजाबरावांनी माईक ओढून घेतला.

"थांब बे. तू काई एकटाच बिघडला नसशीन. तालुक्यात अशे अजून कोन कोन हायेत? बाप्ये, बाया, जे असतीन ते. नावं सांग, आन् राह्य गावात. कोनी तुले हात लावनार नाई."

गोकुळने मान वर केली. त्याची नजर पुरुषांवरून फिरली, बायांच्या ओळींवरून फिरली, पूनमवर आली आणि कुठेही न थांबता पुढे गेली.

"कोनीच नाई जी," तो म्हणाला. "मी एकटाच आहो."

"पाह्य. इचार कर."

"एकटाच आहो."

"मंग राह्य जिकडं राह्यचं तिकडं. या गावात नाई."

गोकुळ बसला. समता भ्याली होती, पार आतून भ्याली होती, आणि भीतीबरोबर लाजही वाटत होती. दोन्हींत भीती मोठी होती. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा पदर सावरायला तिला दोन्ही हात लागले.

माईकसमोर उभी राहिल्यावर तिने सांगायचं ते वाक्य मनात जुळवलं. गोकुळ माझा विद्यार्थी आहे. पाच शब्दही नव्हते. तोंडातून निघालं ते मात्र वेगळंच निघालं. पुरुषसत्ताक माध्यमव्यवस्था निघाली, स्त्रीदेहाचं वस्तूकरण निघालं. गावाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण बाई आपल्या बाजूने बोलते आहे एवढं कळलं आणि टाळ्या पडल्या. तिने पुन्हा नेट लावला.

"माझा आक्षेप... माझा आक्षेप व्यक्तीला नव्हता. प्रवृत्तीला होता."

"बराबर!" पंजाबराव खुर्चीतूनच गरजले. "प्रवृत्तीच ठेचाले पाह्यजे!"

शिट्ट्या वाजल्या. समताने ते वाक्य गिळलं. धन्यवाद म्हणून ती मागे सरली.

शाळेतले गुरुजी चंद्रशेखर सूत्रसंचालन करत होते. ते हसतमुखाने म्हणाले, "आता सत्कार. आपल्या गावची रीत तुम्हाला माहीतच आहे. बाईमाणसाचा सत्कार आपण एकटीचा करत नाही, जोडीनं करतो. मॅडमच्या घरचं कोणी सोबत आलं असेल, तर त्यांनी वर यावं. नातेवाईक असो, मैत्रीण असो, जे सोबत असतील त्यांनी यावं."

तिसऱ्या ओळीत पूनमने जमिनीला हात टेकून अंग उचललं होतं. त्यात काही धाडस नव्हतं. मैत्रीण म्हणून कोणीही आलं असतं, दोन नारळ घेऊन दोघी खाली उतरल्या असत्या आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत गाव सगळं विसरून गेलं असतं. हे समतालाही कळत होतं. पण पंजाबरावांचा 'बाया' हा शब्द अजून मांडवात होता आणि पंजाबराव तिच्याकडेच बघत होते.

"नाही," ती म्हणाली. माईक चालूच होता. "कोणी नाही. मी एकटीच आले."

कडेच्या खुर्चीवर गोकुळने मान खाली घातली. कौशल्याबाईंनी आधी अर्धवट उठलेल्या पूनमकडे पाहिलं, मग स्टेजकडे. तासाभरापूर्वी त्यांनीच दोघींना एका पाटावर बसवून पोहे दिले होते. म्हटल्याप्रमाणे त्या गपच राहिल्या.

"मंग तू ये वं वर," पंजाबरावांनी बायकोला हाक मारली. "तू उभी राह्य मॅडमजवळ."

कौशल्याबाई डोक्यावरचा पदर ओढत वर आल्या आणि समताच्या शेजारी, अंग चोरून, वीतभर जागा सोडून उभ्या राहिल्या. पंजाबरावांनी शाल पांघरली, नारळ दिला. दोन्ही बाजूंना मंडळाचे चार-सहा जण येऊन खेटले. फोटो काढणारा जेवणाची व्यवस्था पाहायला गेला होता. चंद्रशेखर गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपला मोबाईल खाली, कौशल्याबाईंना वाट द्यायला उभ्या राहिलेल्या पूनमपुढे केला.

"ताई, तुम्ही उभ्याच आहात, तर एक फोटो घेता का?"

पूनमने मोबाईल घेतला. ओढणीच्या टोकाने काच पुसली. सगळे मावावेत म्हणून ती दोन पावलं मागे गेली, तरी कडेची खुर्ची काही आत येईना. ती तशीच सोडून तिने मोबाईल डोळ्यांसमोर धरला. समताला आता तिचा चेहरा दिसत नव्हता, हात तेवढे दिसत होते. हात स्थिर होते, सलाईन लावताना असतात तसे.

"मॅडम," पूनम म्हणाली, "जरा इकडे पाहा."

समताने पाहिलं.

"हसा थोडं."

समता हसली.