हळद लागलेली काच

पूर्वाचा पांढरा ओएलईडी दिवा म्हणजे खायला काळ अन् भुईला भार. वीज पोटभर घ्यायचा, पण उजेड काचेतच अडकून बसायचा, जेवण झालं तरी पाटावरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखा. सोमवारी समितीला कार्यक्षमतेचा वाढलेला आकडा दाखवला नाही, तर तिची शिष्यवृत्ती बंद होणार होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने रोजच्यासारखी मोजणी केली आणि आकडा चक्क दीडपट आला. बाईसाहेबांनी आधी कोथरूडला आईला फोन केला. आईने, म्हणजे शालूताईंनी, लगोलग अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. मग पूर्वाने काच उचलून नीट पाहिली. मधोमध पिवळा ठिपका. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा तिच्या मार्गदर्शकांनी, शितोळे सरांनी केली होती, आणि मोजणीच्या यंत्राला लावायचं हळदीचं बोट तिच्या काचेवर टेकलं होतं.

तिने ठिपका पुसून पुन्हा मोजलं. आकडा परत मूळ पदावर. गप्प बसावं असं तिला फार वाटलं. पेढे तर लोकांनी केव्हाच पचवले होते. पण खोटा आकडा तिला पचेना, म्हणून तिने सरांना सगळं सांगून टाकलं.

"मग पुसलंत कशाला आपण?" सर म्हणाले आणि खुर्चीतून उठलेच. काचेची गुळगुळीत पाठ जरा खरखरीत झाली की अडकलेला उजेड निसटतो, हे ते वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले होते. ते खरंच घडतं याचा धक्का त्यांनाच जास्त बसला.

सोमवारी दोघांनी समितीला हळदीसकट खरं ते सांगितलं. समिती पोट धरून हसली आणि मुदत दिली. अट एकच, तोच आकडा पुन्हा आणून दाखवा. पूर्वाने हळद लावून पाहिली, शालूताईंना बोलावून त्यांच्याकडून लावून घेतली. नाही म्हणजे नाही. हवा तसा विरळ थर जमायचा तो फक्त सरांच्या अनामिकेला.

त्यामुळे हल्ली सर सकाळी बाही सारून तिच्या टेबलाशी हजर असतात. काल पूर्वाने त्यांनी लावलेली काच उजेडाकडे धरली. ज्यांच्यापुढे अख्ख्या विभागात कुणी ब्र काढत नाही, त्यांना ती शांतपणे म्हणाली, "जाड पडलं, सर. पुसा आणि परत लावा."

सरांनी मुकाट्याने पुसलं.